सामाईक सातबारा आणि पुराची मदत

हेक्टरी किती मिळणार, ही चर्चा पाणी ओसरायच्या आधीच पारावर रंगली होती. कुणाच्या नावावर आणि कोणत्या खात्यावर मिळणार, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आमच्या घरात मात्र दिवाळीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस सगळे त्या दुसऱ्या प्रश्नातच गेले. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आमचं गाव सीनेच्या काठचं. सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या आठवड्यात नदी पात्र सोडून रानात शिरली. वर अहिल्यानगर-बीडच्या बाजूला धो धो पाऊस आणि इथं आभाळ फाटलेलं. सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी उतरल्यावर बघितलं तर शेंगा झाडावरच उगवल्या होत्या, आणि चिखलाला असा कुजका वास की दुपारी रानात उभं राहवेना. नदीकडचा वीस आरचा, म्हणजे वीस गुंठ्यांचा, तुकडा तर राहिलाच नव्हता. माती खरवडून गेली, खाली मुरूम आणि गोटे. मोटार आणि पाइप वाहून गेले ते गेलेच, पंचनाम्यात त्यांना रकानाच नसतो.

चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. मोजतं ते मंडळाचं पर्जन्यमापक, तुमचं शेत नव्हे. दर पावसाळ्यात यावरून कुणाचं तरी भांडण होतंच, कारण यंत्र एका शिवारात आणि ढग दुसऱ्या शिवारात. आम्हाला तो वाद घालावा लागला नाही. नदीचं पाणी शेतात शिरलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पूर हे मदतीसाठी स्वतंत्र कारण आहे.

पंचनाम्याला तिघं येतात : तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. आता तिघांचीही पदनामं बदलली आहेत, पण गावात जुनीच नावं चालतात आणि तलाठ्याला सगळे भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेब बांधावर उभे राहिले, कारण आत पाऊल टाकलं की गुडघ्याएवढं रुतत होतं. त्यांनी फोनवर फोटो काढला, अक्षांश-रेखांशासकट. मला फोटोत उभं केलं. डोक्यावरचा पदर सारखा करायला मी हात वर केला तेवढ्यात फोटो निघाला. माझ्या सरकारी फोटोत मी पुराला सलाम करतेय!

नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तरच नाव यादीत जातं. आमचं तर सगळंच गेलं होतं, त्यामुळे त्यावर बोलणं झालं नाही. बोलणं झालं ते क्षेत्रावर. सोयाबीन एक हेक्टर वीस आर, तूर वीस आर, मिळून १ हेक्टर ४० आर पीक, आणि खरडून गेलेला वीस आरचा तुकडा वेगळा. खरडलेल्या जमिनीचा पंचनामा पिकाच्या पंचनाम्यात घुसडून चालत नाही, तो वेगळा लिहून घ्यायचा. हे कृषी सहायकांनी आपणहून सांगितलं म्हणून कळलं. ई-पीक पाहणी ऑगस्टमध्येच केलेली होती, त्यामुळे ॲपमध्ये सोयाबीन आणि तूर दोन्ही दिसत होतं. शेजारच्या रानात पाहणी राहिलेली, तिथं भाऊसाहेबांना शेंगा हातात घेऊन दाखवाव्या लागल्या.

मग त्यांनी सातबारा मागितला, आणि खरं प्रकरण तिथून सुरू झालं.

सासरे वारले तेव्हा वारस नोंद वेळेवर झाली होती. उताऱ्यावर चार नावं आहेत : सासूबाई, आमचे मालक, पुण्याला कंपनीत असलेले भाऊजी आणि नणंदबाई. वाटणी झालेली नाही. कसतो आम्ही दोघं. ही गोष्ट गावात जवळजवळ घरटी सापडेल आणि एरवी तिचा कुणाला त्रास नसतो. पण मदत जमीन कसणाऱ्याला मिळत नाही, खातेदाराला मिळते.

त्या वर्षी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालेला होता, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. ज्यांचा आयडी होता आणि सातबारा एकट्याच्या नावावर होता, त्यांना ई-केवायसीशिवाय, म्हणजे अंगठा देऊन ओळख न पटवताच, पैसे गेले. गावातल्या काही जणांना दिवाळीच्या आधी मेसेज आले, हे खरं आहे. आमच्याकडे चौघांपैकी सासूबाई आणि मालक यांचेच आयडी निघालेले. भाऊजींनी पुण्यात राहून केला नव्हता, आणि नणंदबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे आमचं खातं गेलं विशिष्ट क्रमांकाच्या यादीत. म्हणजे ग्रामपंचायतीत यादी लागणार, त्यात नावासमोर क्रमांक असणार, तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा द्यायचा. आणि त्याआधी, एकाच खात्यावर, आमच्याकडे सासूबाईंच्या, रक्कम घ्यायची असेल तर बाकीच्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र.

तालुक्यातला टायपिंगवाला म्हणाला, पाचशेचा स्टँप लागेल. भाऊसाहेब म्हणाले, साध्या कागदावर लिहून आणा, चालतं. टायपिंगवाल्याकडे त्या दिवशी रांग होती. सगळ्यांना स्टँप लागला की नाही, ते मी विचारलं नाही.

भाऊजींची सही सोपी होती, कागद कुरिअरने जाऊन आला. नणंदबाईंकडे मात्र आम्ही दोघं गाडीवर गेलो. त्यांच्याकडेही पाणी आलं होतं, ओट्याला चिखलाची रेघ दिसत होती. चहा झाला. मालकांनी कागद पुढे केला. ताईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आमच्याकडे बायकांच्या सह्या कागद न वाचता होतात, हे आधी सांगायला हवं. ताईंनी मधेच थांबून एक वाक्य मोठ्याने वाचलं : ‘सदर गटातील नुकसानीच्या अनुदानाबाबत माझा कोणताही हक्क राहणार नाही.’

“दादा, अनुदानाबाबत ना? जमिनीबाबत नाही ना?”

“अनुदानाचंच आहे गं.”

“मग ‘सन २०२५ च्या पुराच्या’ असं घाला तिथं. नुसतं अनुदान नको. उद्या हाच कागद कुठं लागेल काय सांगावं.”

मालकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं बहीण अविश्वास दाखवतेय. परत येताना गाडीवर एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र ताईंचं पटलं होतं. हक्कसोडीच्या नावाखाली राखी-भाऊबिजेच्या आसपास बहिणींच्या सह्या कशा घेतल्या जातात ते मी माझ्या माहेरीच पाहिलंय. ताईंनी अक्षर न् अक्षर वाचून, पुराचं साल पेनानं घालून, त्या दुरुस्तीपाशी छोटी सही आणि खाली मोठी सही केली. वर म्हणाल्या, “वहिनी, एक झेरॉक्स मला पाठव.” मी पाठवली.

यादी लागली तेव्हा आमच्या नावापुढे क्षेत्र होतं ०.९०. पंचनामा १.४० चा. कुठल्या टप्प्यावर पन्नास आर गळाले हे आजही सांगता येणार नाही. भरणारे घाईत, गावं शेकड्यांनी, मला कुणावर ढकलायचं नाही. पण इथं एक गोष्ट कामाची आहे. सेवा केंद्रावर क्रमांक टाकला की आधी तुमची माहिती पडद्यावर येते : गट, क्षेत्र, रक्कम. ती मान्य असेल तरच पुढे अंगठा द्यायचा. मान्य नसेल तर तिथूनच तक्रार नोंदवता येते, ती तहसीलला जाते. केंद्रचालक घाईत “द्या अंगठा” म्हणतो, रांगेतले मागून ढकलतात, आणि एकदा अंगठा दिला की ते क्षेत्र तुम्ही कबूल केलं. सासूबाईंचा हात मी धरून ठेवला. मागचे एक आजोबा चिडले, “अगं दे ना बाई, आमची गाडी जाईल.” आम्ही तक्रार नोंदवली, पंचनाम्याची प्रत जोडून अर्ज तहसीलच्या आवक टेबलावर दिला आणि त्यावर शिक्का घेतला. पुरवणी यादीत १.४० आलं. वेळ गेला, पण आलं.

दुसऱ्यांदा सेवा केंद्रावर गेलो तर सासूबाईंचा अंगठाच उमटेना. साठ वर्षं खुरपं, भांगलण, सारवण, चूल. रेघा राहिल्यात कुठं? केंद्रातला मुलगा चांगला होता. आधी अंगठा, मग तर्जनी, मग दुसरा हात. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवायचं आणि सासूबाई दर वेळी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू त्यांनीच काही चुकीचं केलंय. मोबाइलवर ओटीपी घेता आला असता, पण आधारला जोडलेला नंबर सासऱ्यांचा, ते सिम केव्हाच बंद झालेलं. डोळ्यांचं यंत्र तालुक्याला आहे म्हणाला. मग त्यालाच काहीतरी सुचलं. चहाच्या टपरीवरून कोमट पाणी मागवलं, हात त्यात बुडवून ठेवायला सांगितले, फडक्यानं कोरडे केले, बोटाला अगदी पुसट खोबरेल लावलं. अनामिकेला हिरवा दिवा लागला. सासूबाई म्हणाल्या, “ह्या बोटानं आयुष्यात काय काम केलं नाही वाटतं.” सगळं केंद्र हसलं.

आता पैशाचा हिशेब, २०२५ च्या दरांचा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००. मर्यादा आधी दोन हेक्टरची होती, ऑक्टोबरमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा ती तीन हेक्टर झाली. त्याच पॅकेजमध्ये रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० वेगळे धरले. आमचे १.४० चे झाले ११,९०० आणि १४,०००. हे दोन्ही एकदम येत नाहीत, दोन हप्त्यांत, मागेपुढे येतात. शेजारच्याला इतके आणि मला इतकेच का, ही गावातली निम्मी भांडणं एवढ्यामुळेच झाली.

चांगल्या वर्षी ह्याच तीन एकरांत आम्हाला वीस-बावीस क्विंटल सोयाबीन होतं. बाजारात चार हजारांच्या आसपास भाव धरला तरी नुसतं सोयाबीन ऐंशी-नव्वद हजारांचं. त्याच्यापुढे अकरा हजार नऊशे काहीच नाही, आणि त्याबद्दल राग येणं साहजिक आहे. मलाही आला. पण ही मदत गेलेल्या पिकाच्या किमतीवर ठरतच नाही. पुढच्या पेरणीला हातभार एवढाच तिचा हिशेब, आणि दर केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषातले. हे आधी माहीत असतं तर लोकांनी यादीकडे वेगळ्या अपेक्षेनं पाहिलं असतं. त्यातून महाराष्ट्रात मधली दोन-तीन वर्षं कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० मिळत होते, तेही तीन हेक्टरपर्यंत. त्यामुळे “मागल्या वेळी जास्त होते” असं म्हणणारे खोटं बोलत नव्हते.

पैसे आले तेव्हा कळलेच नाहीत. सासूबाईंचं पासबुक भरून आणलं, त्यात काही नाही. बँकेतला माणूस म्हणाला, आलेलं नाही. ऑनलाइन स्थिती मात्र ‘जमा’ दाखवत होती. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते पाहिलं, तर दुसऱ्याच बँकेचं नाव. कधीकाळी गावात शिबिर लागलं होतं, शून्य रकमेची खाती काढायचं. सासूबाईंनी सगळ्या बायकांबरोबर तिथं अंगठा दिलेला, तेव्हाच आधार तिकडं जोडलं गेलं. आपण अर्जावर कुठलाही खाते क्रमांक लिहा, थेट जमा होणारा पैसा आधारला शेवटची जी बँक जोडली असेल तिथंच जातो. त्या खात्याचं पासबुक घरात तांदळाच्या डब्याखाली सापडलं. खातं वापरात नसल्यामुळे बंद पडलेलं, ते परत सुरू करायला पुन्हा आधार, पॅन, फोटो.

आमच्या चुलत घरी वेगळंच झालं. पैसे आले पण पीककर्ज थकलेलं म्हणून बँकेनं खात्याला होल्ड लावला. मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करायची नाही, असं शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांच्या मुलानं ते पान छापून, ओळीखाली रेघ मारून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि होल्ड निघाला. तोंडी सांगून निघत नव्हता.

जनावरांचं थोडक्यात सांगते, कारण त्यातून आम्ही वाचलो. तेव्हाच्या दरानं दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्याला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १००. कानात टॅग हवा, पशुवैद्यकाचं शवविच्छेदन हवं. वस्तीवरच्या एकाची गाय दाव्यालाच बुडून मेली. त्यानं दुःखातही कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा जवळून फोटो काढून ठेवला, त्याचं काम सुरळीत झालं. पलीकडच्याच्या दोन म्हशी वाहून गेल्या. शव नाही, मग शवविच्छेदन कशाचं? पोलीस पाटलाचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला, दूध डेअरीच्या पावत्या दाखवून तो म्हशी होत्या हे सिद्ध करत फिरत होता.

घराच्या पडझडीलाही तेव्हा निकष होता. पंधरा टक्क्यांच्या वर पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. आमची मागची मातीची भिंत बसली, ती त्यात बसली आणि ४,००० मिळाले. भिंत बांधायला गवंडी किती घेतो ते लिहीत नाही.

पीक विम्याचं अजून काही कळलेलं नाही. त्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि नुकसान झाल्यावर बहात्तर तासांत कळवायची सोयही गेली. त्या हंगामात मंडळातल्या पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे ठरावीक शेतांतलं पीक कापून मोजून, जे सरासरी उत्पादन निघेल त्यावर भरपाई ठरणार होती.

खरडलेल्या वीस आरचे हेक्टरी ४७,००० च्या दरानं ९,४०० झाले. शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं, म्हणजे माती आणून टाकणं वगैरे, जाहीर झाली आहेत. त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. तिथंही पहिला प्रश्न तोच : सहहिस्सेदारांची संमती आणली का? नशिबानं झेरॉक्स होती, पण ती ‘सन २०२५ च्या पुराच्या अनुदानाबाबत’ होती. रोजगार हमीच्या कामाला चालेना. ताईंनी पेनानं घातलेले ते शब्द असे आडवे आले तेव्हा मालक पहिल्यांदा हसले.

मग एकदा संध्याकाळी त्यांनीच ताईंना फोन लावला. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप करून घेऊ, ज्याचं त्याचं खातं वेगळं होईल, तुझंही, असं म्हणाले. फोन स्पीकरवर होता. ताई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी ना नाही. फक्त ते नदीकडचे खरडलेले वीस गुंठे माझ्या वाट्याला टाकू नका म्हणजे झालं.” सासूबाई पलीकडून ओरडल्या, “ते मी घेते!”

भाऊजी सुट्टीला आले की चौघांनी बसायचं ठरलंय. ताईंचा आणि भाऊजींचा फार्मर आयडी मात्र मधल्या काळात काढून झाला.